डाव्या कपाची वायर: एका वायरलेस हेडफोनच्या दुरुस्तीच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

गेल्या पंधरवड्यापासून या हेडफोनच्या डाव्या बाजूचा आवाज अधूनमधून जातो. हेडबँडची सरकती पट्टी जराशी लांब केली किंवा डावा कप बोटाने आत दाबला की तो परत येतो, आणि मान वळवली की पुन्हा जातो. चार दिवसांपूर्वी त्यात आणखी एका तक्रारीची भर पडली. ऐकता ऐकता हेडफोन पूर्णपणे बंद पडतो, आणि बटण दाबून पुन्हा सुरू केला तर बॅटरी अर्ध्याहून अधिक भरलेली असल्याचे दाखवतो. पहिली तक्रार तुटलेल्या वायरची आणि दुसरी जुन्या झालेल्या बॅटरीची, अशी वाटणी मी मनाशी करून टाकली आहे. ती बरोबर आहे का, हे उघडल्यावरच कळेल.

उघडण्यापूर्वी जे बाहेरून तपासता येते ते तपासून घेतले. दुसऱ्या फोनला जोडून पाहिले, फोनमधील डाव्या-उजव्या आवाजाचा समतोल मध्यावर आहे याची खात्री केली, आणि एकच बोलणारा आवाज असलेले ध्वनिमुद्रण लावून डावा कप सावकाश, एकेका अंशाने म्हणता येईल इतक्या सावकाश, फिरवत गेलो. कप घडी घालण्याच्या दिशेने साधारण निम्म्यावर आला की आवाज जातो, दर वेळी त्याच जागी. चिप किंवा सॉफ्टवेअरमधील दोष बिजागरीचा कोन पाहून येत-जात नाही, त्यामुळे दोष वायरमध्ये आहे आणि तो डाव्या बिजागरीच्या आसपास आहे, एवढे हेडफोन न उघडताच निश्चित झाले.

नाव वायरलेस असले तरी डाव्या आणि उजव्या कपामधला व्यवहार वायरनेच चालतो. या हेडफोनची बटणे, माइक आणि चार्जिंगचे छिद्र उजव्या कपावर आहे, म्हणजे मुख्य बोर्ड तिकडे असणार. डाव्या कपावर बाहेरून काहीच नाही, म्हणून बॅटरी बहुधा तिथे. तसे असेल तर हेडबँडमधून किमान चार वायर जात असल्या पाहिजेत: दोन डाव्या स्पीकरच्या आणि दोन बॅटरीच्या.

५ जानेवारी, रविवार

दोन्ही कप उघडले. कानाच्या गादीची कड आतल्या चकतीभोवतीच्या खाचेत अडकवलेली असते. प्लॅस्टिकची बोथट पट्टी घालून ती एका बाजूने सोडवत गेलो. गादीखाली जाळीचे कापड आणि त्याखाली चार स्क्रू मिळाले. इथे एक गोष्ट स्वतःसाठी आणि हे वाचणाऱ्यासाठी ठळक लिहून ठेवतो. स्पीकरच्या मागे जोरदार चुंबक असतो, आणि लोखंडी पेचकस किंवा चिमटा त्याच्या जवळ नेला की हातातून हिसकला जातो. समोरच्या बाजूने तो हिसका बसला तर टोक सरळ पडद्यात घुसते, आणि केसासारख्या बारीक तारेच्या कॉइलला चिकटलेला तो आवाज काढणारा पातळ पडदा एकदा फाटला की वायरची दुरुस्ती करून काही उपयोग उरत नाही. म्हणून स्क्रू काढण्यापूर्वी पडद्यावर पुठ्ठ्याची गोल चकती ठेवली आणि ती कागदी चिकटपट्टीने बसवली. पुढे पितळी चिमटाच वापरला.

अंदाज खरा निघाला. उजव्या कपात बोर्ड, डाव्यात स्पीकर आणि पिवळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली लिथियम पॉलिमर बॅटरी. बोर्डावर बी प्लस, बी मायनस, एल प्लस आणि एल मायनस अशा चार जागा छापलेल्या आहेत (बी म्हणजे बॅटरी, एल म्हणजे डावा स्पीकर). फोटो काढले, वायरचे रंग वहीत लिहिले: बॅटरीच्या लाल आणि काळी, प्लॅस्टिकचे पातळ आवरण असलेल्या, स्पीकरच्या हिरवी आणि तांबूस, ज्यांना वरून आवरणच नाही. दिसायला त्या उघड्या तारा वाटतात, पण प्रत्येक पदरावर इनॅमलचा मुलामा असतो आणि तोच विजेला अडवतो. पदरांच्या मध्ये बळकटीसाठी कृत्रिम धागा घातलेला असतो.

बॅटरी सोडवताना एका वेळी एकच वायर सुटी केली आणि तिचे टोक चिकटपट्टीने बंद केल्यावरच दुसरीला हात लावला. दोन्ही वायर एकदम कापल्या तर कटरचे पाते स्वतःच शॉर्ट करते. मीटरवर बॅटरी ३.९२ व्होल्ट दाखवते. पूर्ण भरलेली असताना ४.२ आणि सर्वसाधारण ३.७ असे या सेलचे मान असल्यामुळे ती आजारी आहे असे निदान या आकड्यावरून तरी म्हणता येत नाही. फुगवटाही नाही.

११ जानेवारी, शनिवार

मोजमापाचा दिवस. डाव्या स्पीकरच्या वायर बोर्डावरून सोडवल्या, कारण त्या तशाच ठेवून मोजले तर मीटर चिपच्या आतला रस्ताही मोजतो आणि आकडा फसवा येतो. थेट स्पीकरच्या टोकांवर ३२.४ ओहम आले आणि मीटरची टोके टेकताच पडद्यातून बारीक टक असा आवाज आला. उजवा स्पीकर, त्याचीही एक वायर सोडवून, ३२.६ ओहम. दोन्ही कॉइल शाबूत आहेत. तीच मोजणी डाव्या वायरच्या बोर्डाकडच्या टोकांवरून केली तेव्हा कप सरळ असताना ३३ आणि ३९ यांच्यामध्ये आकडा नाचत राहिला, आणि कप निम्मा घडी केला की मीटर मोजमापाबाहेर गेला. मग एकेक वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली. तांबूस वायर स्थिर. हिरवी तुटलेली.

बिजागरीची वरची टोपी दोन स्क्रूंवर आहे. ती काढल्यावर दोष डोळ्यांनी दिसला. बिजागरीच्या पोटातून चारही वायर आडव्या जातात आणि जिथे त्या सरकत्या पट्टीच्या पोकळीत शिरतात तिथे प्लॅस्टिकची कड साच्यातून निघाली तशीच, धारदार, राहिलेली आहे. घडी घातली की वायर त्या कडेवर काटकोनात मुडपते आणि उघडली की सरळ होते. तांबे एकाच जागी वारंवार मुडपले की कडक होत जाते आणि कडक झालेले तांबे पुढच्या वाकण्यात तडकते. हिरव्या वायरचे पदर बरोबर त्या कडेवर तुटले होते, मधल्या धाग्याने मात्र दोन्ही टोके धरून ठेवली होती. म्हणूनच आवाज येत-जात होता: धागा टोकांना एकमेकांपासून दूर जाऊ देत नव्हता, आणि कोन जुळला की तांब्याला तांबे टेकत होते.

सर्वांत छोटा उपाय आधी करून पाहायचे ठरवले. हिरव्या वायरची खराब झालेली लांबी कापून टाकली आणि मध्ये सहा सेंटिमीटरचा नवा तुकडा घातला. इनॅमल खरवडून काढायच्या फंदात मी पडलो नाही, कारण केसापेक्षा बारीक पदर पात्याखाली तुटतात. सोल्डरिंग आयर्न ४०० अंश सेल्सिअसवर ठेवले, टोकावर सोल्डरचा, म्हणजे जोड देणाऱ्या वितळत्या धातूचा, टपोरा थेंब घेतला, त्यात फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचा लेप) लावलेले वायरचे टोक बुडवले आणि वाट पाहिली. पहिले दोन सेकंद काहीच घडत नाही. थेंब वायरच्या अंगावरून पाण्यासारखा घरंगळत राहतो. मग बारीक धूर निघतो, हिरवा रंग काळपट होऊन मागे सरकतो, आणि एकाएकी सोल्डर पदरांमध्ये झिरपून टोक चंदेरी होते. हा क्षण आला नसेल तर तो जोड वरून कितीही चकचकीत दिसो, आत विजेची वाट तयार झालेली नसते. या धुरासाठी खिडकी उघडी आणि छोटा पंखा बाहेरच्या दिशेने लावलेला होता.

दोन्ही जोडांवर श्रिंक ट्यूब, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, चढवली. सगळे तात्पुरते जोडल्यावर डावीकडे ३२.८ ओहम आले आणि घडी घालता-उघडताना आकडा हलला नाही.

१२ जानेवारी, रविवार

कप बंद केले. दोन तास ऐकले. डावी बाजू व्यवस्थित वाजते.

२० जानेवारी, सोमवार

डावी बाजू पुन्हा गेली. या वेळी येत-जात नाही, पूर्ण गेली. शिवाय हेडफोन आपोआप बंद पडणे या आठ दिवसांत चालूच होते, उलट वाढले होते.

२५ जानेवारी, शनिवार

बिजागरी उघडून भिंगाखाली पाहिले. माझे दोन्ही जोड जसेच्या तसे आहेत. तार तुटली आहे ती जोड संपतो त्या ठिकाणी, श्रिंक ट्यूबच्या काठापासून जेमतेम एक मिलिमीटरवर. हे पाहिल्यावर चूक कळली आणि ती सोल्डरिंगची नव्हती. वितळलेले सोल्डर पदरांच्या मधून वर चढते आणि तेवढी लांबी लवचीक वायर राहत नाही, एकसंध काडी होते. त्यामुळे पूर्वी जे वाकणे आठ-दहा मिलिमीटरवर वाटले जात होते ते आता सगळे काडी आणि वायर यांच्या सीमेवर येऊन पडले. हलत्या भागात मी जोड घातला आणि तुटण्याची जागा दोन मिलिमीटर पुढे सरकवली, एवढेच काय ते त्या दुरुस्तीने साधले. मूळ वायरने काही वर्षे काढली होती, माझ्या जोडाने आठ दिवस.

आता दुसऱ्या तक्रारीकडे नीट पाहिले. बॅटरी पुन्हा जोडून हेडफोन सुरू केला, आवाज मोठा ठेवला, आणि मीटर मिलिव्होल्टवर घेऊन त्याचे एक टोक बॅटरीच्या प्लसवर व दुसरे बोर्डावरच्या बी प्लसवर टेकवले. याने लाल वायरच्या दोन टोकांमधली घट मिळते: ५ मिलिव्होल्ट. तेच काळ्या वायरवर केले तर १८० मिलिव्होल्ट. करंट दोन्हींतून एकच जातो, लांबी एकच आहे, जाडी एकच आहे. मग काळ्या वायरचा रोध लाल वायरच्या छत्तीसपट कसा? मीटर तसाच धरून दुसऱ्या हाताने घडी घालू लागलो तर आकडा उसळला आणि हेडफोन बंद पडला.

काळ्या वायरचे आवरण त्या धारदार कडेपाशी पात्याने चिरून पाहिले. आत एकही पदर धड नव्हता, सगळे तुटून एकमेकांना जेमतेम टेकलेले. करंट वाढला की बोर्डापर्यंत पोचणारा व्होल्टेज पडायचा आणि चिप बॅटरी संपली असे समजून स्वतःला बंद करायची. म्हणजे तीन आठवडे मी ज्या बॅटरीला दोष देत होतो ती निर्दोष आहे, आणि दोन्ही तक्रारींचे मूळ एकाच कडेवर आहे. थेट बॅटरीच्या टोकांवर मोजण्याबरोबरच वायर ओलांडून, भार चालू असताना, मोजण्याची सवय असती तर हे ५ जानेवारीलाच समजले असते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आवरण फाटलेली काळी वायर आणि उद्या-परवा फाटणारी लाल वायर त्या चार मिलिमीटरच्या पोकळीत एकमेकींना चिकटून आहेत. बॅटरीच्या डोक्यावर संरक्षणाचा छोटा बोर्ड असतो आणि शॉर्ट झाल्यास तो बॅटरी तोडतो हे खरे, पण डोक्यावर घालायच्या वस्तूत त्या एकाच पहाऱ्यावर विसंबणे मला मान्य नाही. चारही वायर बदलणार, कपापासून कपापर्यंत, मध्ये एकही जोड न ठेवता.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज सोल्डरिंग आयर्न बाहेर काढले नाही. पूर्ण दिवस वायरच्या वाटेवर घालवला, आणि या सगळ्या कामातला सर्वांत उपयोगी दिवस हाच असावा असे मला वाटते.

सुरुवात लांबीपासून. शिवणकामाचा दोरा जुन्या वायरच्या बाजूने एका कपातून दुसऱ्या कपापर्यंत ओवला आणि हेडबँडच्या निरनिराळ्या अवस्थांत त्यावर खुणा केल्या. पट्ट्या पूर्ण आत आणि कप सरळ असताना ३५ सेंटिमीटर लागतात. दोन्ही पट्ट्या पूर्ण बाहेर ओढून कप घडी केले की ३९.५. जुनी वायर याच कमाल लांबीला जेमतेम पुरेल अशी, तीही ताणून, बसवलेली होती. नवी वायर दर बाजूला दीड-दीड सेंटिमीटर सैल ठेवायची असे धरून ४२.५ आणि कपांच्या आतल्या जोडणीसाठी अधिक सहा.

त्यानंतर ती कड. सुईसारख्या बारीक कानशीने तिचा कोपरा मारला, ४०० नंबरच्या पॉलिशपेपरची गुंडाळी करून गोलाई दिली, आणि शेवटी कापसाचा बोळा त्यावरून ओढला. कापसाचा एकही तंतू अडकला नाही तेव्हा थांबलो. पहिल्या खेपेला सात तंतू अडकले होते. एवढ्याशा जागेत बोटाला न कळणारी धार कापसाला बरोबर कळते.

मुख्य प्रश्न वाकण्याचा. वायर बिजागरीच्या आसाला आडवी जात असेल तर घडी घालताना ती एका जागी मोडते. तीच आसाच्या बाजूने, आसाला समांतर नेली तर ती मोडत नाही, पिळली जाते, आणि तो पीळ जितकी लांबी द्याल तितक्या लांबीवर वाटला जातो. पंधरा मिलिमीटरमध्ये नव्वद अंशांचा पीळ ही पातळ वायर सहज सोसते, पण एका मिलिमीटरमध्ये नव्वद अंशांचे मुडपणे सोसत नाही. सुदैवाने या बिजागरीची खीळ आखूड असून तिच्या भोवती थोडी मोकळी जागा आहे. दोऱ्याने करून पाहिले: पट्टीतून आलेला दोरा खिळीला सैलसर एक वेढा घेऊन कपाच्या बाजूला उतरवला तर घडी घालताना वेढा किंचित आवळतो आणि उघडताना सैल होतो, कुठेही कोपरा तयार होत नाही. घड्याळातल्या चपट्या स्प्रिंगचे काम असेच चालते. वीस-पंचवीस वेळा घडी घालून प्रत्येक वेळी टॉर्चच्या प्रकाशात दोरा कुठे घासतो ते पाहिले. एका जागी टोपीच्या स्क्रूच्या बुंध्याला लागत होता, म्हणून वेढ्याची दिशा उलटी केली.

वायरची निवडही याच विचाराने केली. सिलिकॉन आवरणाची ३० गेजची बहुपदरी वायर: ०.०८ मिलिमीटरचे अकरा पदर, आवरणासह जाडी सुमारे ०.८ मिलिमीटर. एवढ्याच तांब्याची एकपदरी तार दिसायला नीटनेटकी बसते, पण हलत्या जागी ती काही दिवसांत तुटेल. रोधाचा हिशेब असा की या जाडीला दर मीटरला सुमारे ०.३४ ओहम पडतात, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे ०.३३ ओहमची भर, जी ३२ ओहमच्या स्पीकरपुढे नगण्य आहे.

तीन वायरमध्ये काम भागवावे का, असा विचार मध्येच आला होता, कारण साध्या वायरच्या हेडफोनमध्ये दोन्ही स्पीकरचे मायनस एकत्र असतात आणि इथे तो बॅटरीच्या मायनसला जोडून टाकता आला असता. तो विचार सोडला आणि योग्यच केले. बऱ्याच ब्लूटूथ चिपमध्ये स्पीकरचे प्लस आणि मायनस हे दोन्ही टोके चिपकडूनच चालवली जातात. त्यातले मायनस म्हणजे बॅटरीचा मायनस नव्हे. तो तसा जोडला तर चिपची आउटपुट शॉर्ट होते.

८ फेब्रुवारी, शनिवार

वायर ओवणे. जुन्या वायरच्या टोकाला नवी बांधून ओढावी हा सरळ मार्ग वाटतो, पण इथे जुनी वायर हेडबँडच्या मध्यावर गोंदाने चिकटवलेली होती आणि ओढताच तुटली असती. हेडबँडच्या आतली गादी काढून तो गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने सैल केला, जुनी वायर सोडवली, आणि तिला आधी फक्त ०.४ मिलिमीटरचा नायलॉन दोरा बांधून तो पलीकडे नेला. नंतर त्या दोऱ्याला चार नव्या वायर, पण चारही एकाच जागी न बांधता प्रत्येक आधीचीपेक्षा सेंटिमीटरभर मागे, म्हणजे निमुळते टोक तयार होते आणि ते पोकळीच्या तोंडाशी अडत नाही. सिलिकॉनचे आवरण प्लॅस्टिकला चिकटून बसते. टाल्कम पावडर दोन बोटांत घेऊन वायरवरून फिरवली आणि मग ती घासल्याच्या आवाजाशिवाय सरकत गेली.

बिजागरीतला वेढा घालायला पाऊण तास लागला.

९ फेब्रुवारी, रविवार

जोडणी. सगळे जोड आता कपांच्या आत, न हलणाऱ्या जागी आहेत. आयर्न ३५० अंशांवर, ६३-३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे), जे १८३ अंशांना वितळते. स्पीकरच्या पाठीवरच्या पट्टीवर मात्र दोन सेकंदांपेक्षा जास्त टोक टेकवले नाही, कारण त्याच सोल्डरखाली कॉइलची मूळ तार येऊन बसलेली असते आणि रेंगाळलो तर ती सुटून येते. ती तार इतकी बारीक आहे की प्रकाश तिरका पडला तरच दिसते.

डाव्या स्पीकरवरची प्लसची खूण गोंदाखाली गेली होती आणि जुन्या जोडणीचा फोटो अस्पष्ट निघाला. दीड व्होल्टचा साधा सेल घेऊन त्याची टोके स्पीकरला क्षणभर टेकवली आणि तिरक्या प्रकाशात पडदा कोणीकडे सरकतो ते पाहिले. ज्या जोडणीत उजवा पडदा बाहेर येतो त्याच जोडणीत डावाही बाहेर आला पाहिजे. तो आत गेला, म्हणून वायर अदलाबदल केल्या.

बॅटरी सर्वांत शेवटी जोडली, पुन्हा एकेक वायर. बटण दाबले, काहीच नाही. बॅटरीच्या बाहेरच्या टोकांवर शून्य व्होल्ट पाहून छातीत धस्स झाले. नंतर लक्षात आले की संरक्षणाचे काही बोर्ड जोडताना करंटचा झटका बसला की दार बंद करून बसतात आणि चार्जर मिळाल्यावरच उघडतात. चार्जर लावताच दिवा लागला आणि टोकांवर ३.८ व्होल्ट आले. काळ्या वायरवरची घट मोजली: ५ मिलिव्होल्ट, लाल वायरइतकीच.

१० फेब्रुवारी, सोमवार

डाव्या बाजूचा खर्ज कमी वाटतो. बोलण्याचा एकच आवाज लावला तर तो डोक्याच्या मधोमध ऐकू येतो, म्हणजे प्लस-मायनस उलटे झालेले नाही. तसे असते तर आवाज दोन्ही कानांच्या बाहेर कुठेतरी पसरला असता आणि खर्ज दोन्हींकडून मिळून नाहीसा झाला असता. डावी गादी हाताने कानावर दाबली की खर्ज परत येतो. गादीच्या कडेने हवा निसटते आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कारण सापडले. कप बंद करताना नव्या वायरपैकी पांढरी वायर स्पीकरच्या चकतीच्या काठाखाली आली होती, त्यामुळे चकती एका बाजूला किंचित उचललेली राहिली आणि गादीची कड खाचेत पूर्ण बसली नाही. आवरणावर खोलगट वळ उमटला होता, चीर पडलेली नाही हे भिंगाखाली दोनदा पाहिले. स्क्रू आणखी अर्धा आटा आवळला असता तर चीर पडली असती. खर्ज कमी वाटला म्हणून उघडले आणि वायर वाचली.

वायर कपाच्या कडेने फिरवून दोन ठिकाणी दोऱ्याने बांधली आणि गाठीवर न्यूट्रल सिलिकॉनचा थेंब ठेवला. आंबट वास येणारे सिलिकॉन इथे वापरू नये. ते वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि तांबे खाते. बिजागरीकडे जाणाऱ्या वायरवर कपाच्या तोंडाशी छोटी गाठ दिली, जेणेकरून बाहेरून ओढ बसली तर ती गाठीवर यावी, जोडावर येऊ नये. वेढ्याच्या सर्वांत बाहेरच्या बिंदूवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि टोपीच्या आतल्या बाजूला त्याच्या समोर दुसरा. वायर सरकू लागली तर पुढच्या वेळी ते दिसेल.

बंद केल्यावर आवाज लावून ठेवून डावा कप दोनशे वेळा घडी केला आणि उघडला. आवाज एकदाही अडखळला नाही, हेडफोन बंद पडला नाही. खर्ज दोन्हीकडे सारखा.

१५ मार्च, शनिवार

चार आठवडे रोज वापर. तक्रार नसताना उघडणे चूक, हे मला कळते, तरी २० जानेवारीनंतर केवळ आवाजावर विश्वास ठेवायला मन तयार नव्हते. म्हणून फक्त बिजागरीची टोपी काढली. वेढा सैल आहे, आवरणावर घासल्याची खूण नाही, आणि दोन्ही पांढरे ठिपके समोरासमोर आहेत.

उजव्या बिजागरीची टोपीही काढून पाहिली. त्या बाजूनेही याच चार वायर जातात, आणि तिथली कड मी ८ फेब्रुवारीला वायर ओवण्याच्या घाईत तशीच सोडली होती. कापसाचे पाच तंतू अडकले. वायर बाजूला धरून, खाली कागदाची पट्टी सरकवून, ती कडही कानशीने गोल केली, भुगा ब्रशने झाडला आणि दोन्ही टोप्या बसवल्या.